करी, जाई, म्हणे : रीतिभूतकाळ आणि त्याचे गोत

पूर्वी एखादी गोष्ट नेमाने किंवा सवयीने घडत असे, हे सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला रीतिभूतकाळ म्हणतात. ‘तो पहाटे उठे, नदीवर जाई, सूर्याला अर्घ्य देई’ या वाक्यातली उठे, जाई आणि देई ही रूपे रीतिभूतकाळाची. वाक्यातल्या माणसाविषयी दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. तो सज्जन आहे आणि तो हयात नाही. एसटीची वाट पाहणारा, वडापच्या खासगी जीपमध्ये चौथ्या सीटवर कोंबून बसणारा किंवा उसाच्या बिलासाठी कारखान्यावर खेटे घालणारा माणूस या काळाच्या उदाहरणांत सहसा सापडत नाही. खेटे घालण्याची रीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नाही असे नव्हे. तिच्यासाठी लोक दुसरा काळ वापरतात.

‘कर’ या धातूचा तक्ता असा आहे : मी करी, आम्ही करू, तू करीस, तुम्ही करा, तो करी, ते करीत. सकर्मक धातूंना साधारणपणे ‘ई’ लागते आणि अकर्मकांना ‘ए’, म्हणून मी बसे, आम्ही बसू. तू बसस, तुम्ही बसा. तो बसे, ते बसत. ‘म्हणणे’ हे सकर्मक असूनही ‘म्हणी’ होत नाही, ‘म्हणे’ होते. या एका अपवादावर पुष्कळ मार्क गेलेले आहेत. जुन्या लेखनात पहिल्या पुरुषाचे रूप ‘मी करीं’ असे सानुस्वार असे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘मी करी’ व ‘तो करी’ यांच्यात लिहिण्यापुरताही फरक उरला नाही. कोण करी, हे कर्त्याला विचारावे लागते.

खरी अडचण अनेकवचनात आहे. ‘आम्ही रस्ता करू’ हे वाक्य रीतिभूतकाळी धरले, तर ‘पूर्वी आम्ही रस्ते करत असू’ असा अर्थ होतो. भविष्यकाळी धरले तर ‘पुढे करणार आहोत’ असा. निवडणुकीच्या सभेत दोन्ही अर्थ लागतात, पण ते एकाच दमात सांगण्याची सोय मराठीतल्या दुसऱ्या कोणत्याही काळाने केलेली नाही. ‘तुम्ही रोज अभ्यास करा’ याची गत तशीच. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात निवृत्त गुरुजी हे वाक्य बोलले, तर ते जुने कौतुक की नवी आज्ञा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि सवयीने सगळे आज्ञाच समजतात. ‘तू बसस’ हे रूप मात्र निःसंदिग्ध आहे. ते कोणाच्याच तोंडी येत नसल्यामुळे गैरसमजाला जागा उरत नाही.

त्यामुळे तक्त्यात घरे सहा आणि राहती वस्ती दोन घरांत, तो करी आणि ते करीत. बाकीची चार घरे परीक्षेपुरती उघडतात.

हे दुखणे मराठीचे एकटीचे नाही. फ्रेंचमध्ये ‘एँपार्फे द्यु सुब्जाँक्तिफ’ नावाचा एक प्रकार आहे. मुख्य वाक्य भूतकाळात असेल आणि त्यात इच्छा, भीती, शंका असे काही असेल, तर पोटवाक्यातल्या क्रियापदाला हे रूप द्यावे असा नियम. ‘त्याने गावे अशी तिची इच्छा होती’ यातल्या ‘गावे’च्या जागी ते बसते. गाण्याच्या क्रियापदाची सहा रूपे उच्चारी अशी होतात : शाँतास, शाँतास, शाँता, शाँतास्यों, शाँतास्ये, शाँतास. लिहिताना सहाही वेगळी, कानाला तीन सारखीच. ‘शाँतास्यों’ असे कोणी आज पॅरिसच्या हॉटेलात बोलला, तर शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहतील आणि हा गृहस्थ मुद्दाम बोलतो आहे असे समजून हसतील. आल्फाँस आले या फ्रेंच विनोदी लेखकाने तर याच रूपांची रांग लावून एक प्रेमकविता लिहिली. तिच्यातला विनोद बहुतेक सगळा व्याकरणाचा आहे.

फ्रान्समध्ये या रूपाची काळजी सरकारने घेतली. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांचा आदेश निघाला. काही ठिकाणी या रूपाऐवजी साधा वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह लिहिला तरी परीक्षकाने चूक धरू नये, असे त्यात सांगितले होते. १९७६ च्या आदेशाने अशा सवलती पुन्हा दिल्या. आज तिथेही वापरात उरला आहे तो मुख्यतः तृतीय पुरुष, तोही छापील पुस्तकांत. आपल्याकडे मंत्र्याच्या सहीची गरज पडली नाही. लोकांनी परस्पर उरकून घेतले.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस सुखी म्हणावा लागेल. जे घडले नाही, पण घडले असते तर काय झाले असते, हे सांगायला मराठीत संकेतार्थ आहे आणि सातारा-सांगलीकडे त्याची प्रकृती ठणठणीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ पदक मिळवले. तिथे एका कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढच्या कुस्तीला उभे केले गेले. ‘विश्रांती दिली असती तर सोनं आलं असतं’ हे वाक्य कराड परिसरात व्याकरण न शिकलेला माणूसही बिनचूक बोलतो. आटपाडीकडे टेंभू उपसा सिंचन योजनेचा विषय निघाला की ‘टेंभूचं पाणी आधी आलं असतं तर’ अशी सुरुवात होते. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. तेव्हापासून ‘कोयनेतनं पाणी जरा आधी सोडलं असतं तर’ या वाक्याला शहरात तोटा नाही. संकेतार्थात ‘असता’ दोनदा येतो, एकदा अटीत आणि एकदा फळात. दोन्ही वेळा हाती काही लागत नाही, पण बोलणाऱ्याला बरे वाटते.

रीतिभूतकाळाला असे कोणी बरे वाटण्यासाठी वापरत नाही. त्याची कुळकथा पाहिली, तर हे दुर्दैवच म्हणायचे. हा काळ मुळात भूतकाळ नव्हता. संस्कृतातला वर्तमानकाळ प्राकृतांतून झिजत मराठीत आला तो याच रूपाने. १२९० मधल्या ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘करी’ म्हणजे ‘करतो’ आणि ‘जाय’ म्हणजे ‘जातो’. पुढे ‘करतो, जातो’ ही नवी रूपे पुढे सरसावली आणि जुन्याला मागे सरकावे लागले. मागे म्हणजे थेट भूतकाळात. मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये एक मोठा ग्रंथ लिहिणारे झ्यूल ब्लॉक हे या रूपाकडे जुना वर्तमानकाळ म्हणूनच पाहतात. त्यांचा ग्रंथ पॅरिसला १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. म्हणजे ज्यांच्या भाषेत ‘शाँतास्यों’ची अशी अवस्था झाली, त्यांच्यापैकीच एकाने आपल्या ‘करी’चा वंशवृक्ष काढून दिला. समदुःखी माणसाला दुसऱ्याचे दुखणे लवकर कळते.

जुन्या नोकरीचे पुरावे अजून सापडतात. देव तारी त्याला कोण मारी. दाम करी काम. बळी तो कान पिळी. खाई त्याला खवखवे. या म्हणींतल्या तारी, मारी, करी, पिळी, खाई, खवखवे या रूपांना रीतिभूतकाळ म्हणता येत नाही. दाम पूर्वी काम करत असे आणि आता करत नाही, असा अर्थ लावणारा माणूस कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत एक दिवस टिकणार नाही. म्हणींत हा काळ अजून वर्तमानच आहे. व्याकरणाच्या पुस्तकात एक पान उलटले की तो भूत होतो.

पुस्तकांचेही थोडे सांगितले पाहिजे. मराठीचे व्याकरण आधी परक्यांनी छापले. विल्यम कॅरी यांचे इंग्रजीत लिहिलेले मराठी व्याकरण १८०५ चे. मग १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले आणि मराठी मुलांना आपण घरात बोलतो त्याची रूपे पाठ करावी लागू लागली. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ लिहून विषय जवळपास संपवला. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. एकाच घरातला एक भाऊ कवितेत क्रियापदे मोकळी सोडत होता आणि दुसरा ती पकडून कोष्टकात घालत होता. क्रियापदांच्या रूपांना शेवटच्या प्रत्ययावरून ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात, चाख्यात अशी नावे पडली. आपला रीतिभूतकाळ या यादीत ई-आख्यात म्हणून नांदतो. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ने हे सगळे स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारापर्यंत पोचवले. आज मराठीत ‘ई-आख्यात’ हा शब्द मनापासून उच्चारणारा वर्ग बहुतेक याच उमेदवारांचा आहे.

यादीतल्या चाख्याताकडे नीट लक्ष द्यावे, कारण घर बळकावणारा तोच आहे. ‘जायचा, यायचा, करायचा’ ही त्याची रूपे. ‘आजा रोज तालमीत जायचा’, ‘आजी वाघाची गोष्ट सांगायची’, ‘पोरं विहिरीत पवायची’. रीतिभूतकाळाचे सगळे काम हा करतो, शिवाय लिंग दाखवतो आणि बोलताना जीभ अडखळत नाही. ‘आजी गोष्ट सांगे’ असे म्हटले की आजीभोवती उगीच समईचा उजेड पडतो. ‘आजी गोष्ट सांगायची’ म्हटले की आजी मशेरी लावून बसलेली दिसते. माणदेशापासून वारणेपर्यंत कोणाही आजीला विचारले तरी ती दुसरी पसंत करील.

मग ‘जाई’ आणि ‘करीत’ राहतात कुठे? मुख्य मुक्काम चरित्रात. थोर माणूस गेला की त्याची क्रियापदे बदलतात. जिवंतपणी जे सकाळी फिरायला ‘जातात’ किंवा ‘जायचे’, ते गौरवग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘जात’. पुण्यतिथीच्या पुरवणीत ते पहाटे चारला उठत, थंड पाण्याने अंघोळ करीत, खादी वापरीत आणि कार्यकर्त्यांना पोटाशी धरीत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांवरची भाषणे ऐकली, तर एकच वक्ता दोन मराठींतून बोलताना दिसतो. कागद समोर असेपर्यंत ‘कर्मवीर अण्णा म्हणत’, कागद संपून आठवण सुरू झाली की ‘अण्णा म्हणायचे’. श्रोते दुसऱ्या वाक्याला मान वर करतात. वाईला मराठी विश्वकोशाचे काम चालते. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातल्या चरित्रनोंदींसारख्या गद्याला ‘ते कीर्तने करीत, शिष्यांना शिकवीत’ हा सूर सोयीचा पडतो. त्यात जागाही कमी लागते. ‘करीत’मध्ये ‘करायचे’पेक्षा एक अक्षर कमी आहे आणि कोशाच्या संपादकाला अक्षर वाचल्याचा आनंद इतरांना समजणार नाही.

दुसरा मुक्काम गोष्टीत. ‘एक राजा होता. तो रोज शिकारीला जाई.’ राजाला ‘जायचा’ म्हटलेले मुलांना चालते, मोठ्यांना चालत नाही. ग्रामीण कथेत तर अवतरणचिन्ह हीच सीमा असते. चिन्हाच्या बाहेर लेखक ‘तो पारावर बसे’ असे लिहितो आणि चिन्हाच्या आत तोच माणूस ‘हितंच बसायचो की’ म्हणतो. सांगली जिल्ह्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिथून पुढे मराठी वाचकाला पात्रे एका मराठीत बोलतात आणि निवेदक दुसरीत सांगतो, याची चांगलीच सवय झाली आहे. निवेदक पारावर येऊन बसला तर त्याला चहा कोणी विचारील का, ही शंका मात्र उरते.

आता ‘म्हणे’. या एका रूपाने कोष्टकातून पळ काढला आणि स्वतंत्र धंदा सुरू केला. ‘तो म्हणे’ यातला ‘तो’ गळून पडला, काळही गळून पडला, राहिली ती फक्त ऐकीव माहिती. ‘पुढल्या आठवड्यात पाऊस आहे म्हणे.’ ‘त्यांची पोरगी अमेरिकेला गेली म्हणे.’ कोण म्हणे, कधी म्हणे, हे विचारायचे नसते. सातारा-सांगलीकडे याचे ‘म्हणं’ होते. ‘औंदा उसाला दर चांगला देणार म्हणं’ हे वाक्य दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर ऐकू येते. दर चांगला निघाला नाही, तर बोलणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. त्याने कुठे सांगितले होते? तो नुसता ‘म्हणं’ म्हणाला होता. फ्रेंचच्या सहा घरांपैकी एकालाही इतके चांगले पुनर्वसन लाभलेले नाही.

‘नसे’चेही असेच. एरवी ‘तो नसे’ कोणी म्हणत नाही, पण बक्षीस समारंभात उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले की ‘हेही नसे थोडके’ हटकून येते.

तिसरी जागा भविष्यकाळात आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. करी याला ल लावला की करील. जाई, जाईल. बसे, बसेल. म्हणे, म्हणेल. जो वर्तमान होता, तो भूत झाला आणि एका ‘ल’वर भविष्यही झाला. ज्योतिषालाही इतके जमत नाही. इथे ई आणि ए यांचे जुने भांडण पुन्हा डोके वर काढते. नियमाने सकर्मकाला ‘करील, मारील, पाठवील’ हवे. लोक मात्र सर्रास ‘करेल, मारेल, पाठवेल’ लिहितात. ‘करेल’ पाहिले की जुन्या वळणाचा मुद्रितशोधक लाल पेन उघडतो आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात ‘मराठीचे हे काय चालले आहे’ या मथळ्याखाली पत्र येते. कृष्णाकाठी हा वाद पोचलाच नाही. तिथे ‘करंल, मारंल, बसंल, पडंल’ एवढेच आहे. ई नाही, ए नाही, दोन्ही पक्षांना बगल. मुद्रितशोधकाने साताऱ्याच्या स्टँडवर एक तास काढला, तर त्याच्या पेनातली शाई संपेल आणि वाद मिटेल.

पण या रूपाचा खरा थाट नकारात आहे. करी अधिक ना, करीना. होई अधिक ना, होईना. पडे, पडेना. अनेकवचनी ऐकेनात, येईनात. होकार म्हातारा होऊन पुस्तकात जाऊन बसला, नकार मात्र दोन्ही जिल्ह्यांत दिवसभर राबतो. ‘ना’ लागले की या रूपाला काळाचेही बंधन उरत नाही, काल ऐकेना आणि आजही ऐकेना. सातारा-सांगलीच्या बोलीत ‘ए’चे ‘अं’ होते, म्हणून पडंना, ऐकंना, कळंना, सुचंना. मोटर चालू हुईना. लाईट येईना. सीटा भरल्याबिगर वडाप हालंना. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव वर सरकंना. नकाराची ही रूपे नुसते ‘नाही’ सांगत नाहीत, हट्ट सांगतात. ‘पाऊस पडत नाही’ हे हवामान खात्याचे वाक्य आहे. ‘पाऊस पडंना’ म्हटले की पावसाला पडता येते, पण तो मुद्दाम पडत नाही, असा ठपका त्याच्यावर बसतो. माण-खटावकडे पावसाविषयी बोलताना हा ठपका ठेवल्याशिवाय कोणी थांबत नाही.

त्यातच ‘का’ जोडला की सगळे उलटते. ‘येईना’ म्हणजे येत नाही, ‘येईना का’ म्हणजे खुशाल येऊ दे. जाईना का तिकडं. हुईना का उशीर. परगावच्या माणसाने हा फरक समजून घेतल्याशिवाय या भागात सोयरीक जुळवू नये.

या घराण्यातले सर्वांत तरतरीत रूप म्हणजे ‘वाटंना’. जाऊ वाटंना, खाऊ वाटंना, उठू वाटंना. पुण्याकडे यासाठी ‘मला उठावेसे वाटत नाही’ असे लांबलचक बांधकाम करावे लागते आणि ते पूर्ण होईपर्यंत माणूस उठून बसलेला असतो. ‘उठू वाटंना’ हे पांघरुणातून डोके बाहेर न काढता बोलता येते.

कराडच्या किंवा सांगलीतल्या विश्रामबागेच्या एखाद्या अभ्यासिकेत दुपारी तीनच्या सुमाराला हे सगळे एकत्र पाहायला मिळते. वर पंखा, खाली ओळीने टेबले, प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली, वहीवर डोके टेकून पाच मिनिटांसाठी झोपलेला एक उमेदवार आणि त्याच्या शेजारी पाठ करणारा दुसरा. ‘मी जाई, आम्ही जाऊ, तू जास, तुम्ही जा.’ तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर पाठ करणारा शेजाऱ्याला हलवतो. ‘भावा, वाचू वाटंना.’ ‘मला बी सकाळपासनं काय कळंना लका. चल, चा मारू.’ खाली टपरीवर मामा म्हणतो, ‘जरा थांबा, गॅस पेटंना.’ मग विषय निघतो मागच्या उधारीचा. ‘मामा, घरचं अजून पैसं पाठवंनात.’ मामा म्हणतो, ‘आलं म्हणं काल.’ चहा येतो. दोघेही बशीतला चहा फुंकत वहीतला प्रश्न सोडवतात : ‘तो रोज शाळेत जाई’, काळ ओळखा. रीतिभूतकाळ की साधा भूतकाळ, यावर पाच मिनिटे वाद होतो आणि शेवटी मोबाईलवर शोधून उत्तर पाहिले जाते. गेल्या दहा मिनिटांत दोघांनी आणि मामाने मिळून हेच रूप पाच वेळा वापरले, ही गोष्ट अभ्यासक्रमात नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

तक्ता चुकीचा आहे असे नाही. त्यात जेवढे दिले आहे, तेवढे बरोबर आहे. पण दुकानाच्या पाटीवर नाव आजोबांचे, गल्ल्यावर नातू आणि परीक्षेत प्रश्न फक्त पाटीवर, असा हा प्रकार आहे. ‘करी’ पाठ करणाऱ्याला करील, करीना आणि म्हणे ही त्याच रक्ताची माणसे आहेत एवढे सांगितले, तरी पाठांतर निम्मे हलके होईल. जो प्रत्यय आपण दिवसातून पन्नास वेळा लावतो, तो पाठ करावा लागत नाही.

तोवर परीक्षार्थींनी धोका पत्करू नये. पर्यायांत ‘रीतिभूतकाळ’ दिसला आणि वाक्यात जाई, येई, करी किंवा बसे असले की त्यावरच खूण करावी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. पुढच्या खेपेला नदीवर जाणारा, अर्घ्य देणारा तो सज्जन थोडा विसावू द्यावा आणि ‘वडाप हालंना’ हे वाक्य द्यावे. रूपाची फोड तीच निघते आणि उमेदवाराला निदान वाक्यातली गाडी तरी ओळखीची असेल.